हॅश-मूल्यावरून सॉफ्टवेअर पॅकेजची ओळख : एक चिकित्सक अभ्यास

सारांश

संगणकावरील एखादी फाईल नेमक्या कोणत्या सॉफ्टवेअर पॅकेजमधील आहे हे ठरविण्यासाठी तिचे हॅश-मूल्य काढून ते ज्ञात मूल्यांच्या नोंदसंग्रहात शोधण्याची पद्धत आज मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. प्रस्तुत लेखात या पद्धतीची चिकित्सा केली आहे. हॅश-मूल्य जुळणे हा दोन फाइलींच्या तंतोतंत सारखेपणाचा भक्कम पुरावा होय. परंतु व्यवहारात त्याच पुराव्याकडून फाइलीचे नाव, तिचे कूळ आणि तिचे निर्दोषत्व यांचीही हमी मागितली जाते. ही मागणी पद्धतीच्या आवाक्याबाहेरची आहे. 'जुळले' याचा अर्थ नोंदसंग्रहाच्या योग्यतेवर अवलंबून असतो आणि 'जुळले नाही' हा कशाचाच निष्कर्ष नसतो, हे काही ज्ञात घटनांच्या आधारे येथे मांडले आहे.

बीजसंज्ञा : हॅश-मूल्य, सॉफ्टवेअर पॅकेज, नोंदसंग्रह, टक्कर, पुरवठा-साखळी, प्रामाण्य

१. प्रस्तावना

वस्तूची ओळख तिच्यावर लिहिलेल्या नावावरून पटवावी की तिच्या अंगच्या गुणांवरून, हा प्रश्न ग्रंथालयशास्त्र, पाठचिकित्सा, न्यायवैद्यक अशा अनेक ज्ञानशाखांपुढे आलेला आहे. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला पोथीच्या वेष्टनावरील नावावर विसंबून चालत नाही. पोथी सोडून आतील पाठ तपासावा लागतो, तो अन्य प्रतींशी ताडून पाहावा लागतो, आणि मगच ही अमुक ग्रंथाची अमुक परंपरेतील प्रत आहे असे म्हणता येते. संगणकशास्त्रात हाच प्रश्न आज वेगळ्या रूपात आणि फार मोठ्या प्रमाणावर उभा आहे. एका साध्या संगणकावरही लाखो फाइली असू शकतात. त्यांची नावे कोणालाही बदलता येतात, तारखा बदलता येतात, नावात लिहिलेला आवृत्ती-क्रमांकही बदलता येतो. अशा वेळी समोरची फाईल कोणत्या पॅकेजच्या कोणत्या आवृत्तीतील आहे, हे कसे ठरवावे?

या प्रश्नाचे सर्वाधिक रूढ झालेले उत्तर म्हणजे फाइलीतील मजकुराचे क्रिप्टोग्राफिक हॅश-मूल्य काढणे व ते आधी तयार करून ठेवलेल्या नोंदसंग्रहात शोधणे. या पद्धतीस प्रस्तुत लेखात सोयीसाठी 'हॅश-शोध' असे म्हटले आहे. तिच्या गणिती बाजूविषयी विपुल लेखन झालेले आहे. तथापि, तिच्या निष्कर्षांना ज्ञानमीमांसेच्या दृष्टीने किती वजन द्यावे, याचा विचार त्या मानाने कमी झालेला दिसतो. तो करणे हा या लेखाचा उद्देश आहे.

या विचारासाठी तीन प्रश्न एकमेकांपासून वेगळे करणे आवश्यक आहे. पहिला, ही फाईल नोंदीतील फाइलीशी तंतोतंत सारखी आहे काय? दुसरा, ती कोणत्या पॅकेजची व कोणत्या आवृत्तीची आहे? तिसरा, ती विश्वासार्ह आहे काय? हॅश-शोध यांपैकी फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या बळावर देतो. दुसऱ्याचे उत्तर नोंदसंग्रह देतो. तिसऱ्याचे उत्तर तो संग्रह कोणी, कशाच्या आधारे आणि कोणत्या हेतूने केला यावर अवलंबून असते. व्यवहारात मात्र हे तिन्ही प्रश्न एकाच उत्तराने सुटले असे गृहीत धरले जाते. या पद्धतीसंबंधीचे बहुतेक घोटाळे या गृहीतकातून निर्माण होतात, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२. पद्धतीचे स्वरूप

हॅश-फलन कोणत्याही लांबीच्या मजकुराचे निश्चित लांबीच्या मूल्यात रूपांतर करते. एमडी-५ चे मूल्य १२८ बिटांचे, शा-१ चे १६० बिटांचे, तर शा-२५६ चे २५६ बिटांचे असते. शा-२५६ चे मूल्य सोळा-पायाच्या पद्धतीत लिहिल्यास ६४ चिन्हांचे होते. मग मूळ फाईल एका ओळीची असो वा अनेक गिगाबाइटची. मजकुरात एका बिटाचा जरी फरक पडला तरी मूल्य ओळखू येणार नाही इतके बदलते. मूल्यावरून मूळ मजकूर परत मिळविणे व्यवहार्य नसते.

या गुणधर्मांवर आधारलेले अनेक नोंदसंग्रह आज उपलब्ध आहेत. अमेरिकेतील 'निस्ट' या मानक-संस्थेची नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी विविध सॉफ्टवेअर मिळवून त्यांतील प्रत्येक फाइलीचे हॅश-मूल्य काढते व ती माहिती संदर्भ-संच म्हणून प्रसिद्ध करते. जावा भाषेतील ग्रंथालयांच्या मेव्हन सेंट्रल या भांडारात शा-१ मूल्य देऊन पॅकेज शोधता येते. ओवॅस्प संस्थेचे डिपेन्डन्सी-चेक हे साधन याच सोयीचा उपयोग करते. डेबियन या लिनक्स-वितरणात प्रत्येक पॅकेजचे हॅश-मूल्य सूचीत नोंदलेले असते, त्या सूचीचे मूल्य दुसऱ्या एका फाइलीत असते आणि त्या फाइलीवर वितरणाची डिजिटल स्वाक्षरी असते. फ्रान्समधील इन्रिया या संशोधनसंस्थेच्या पुढाकाराने २०१६ मध्ये जाहीर झालेला सॉफ्टवेअर हेरिटेज हा प्रकल्प जगभरातील सोर्स कोडचा संग्रह करतो व त्यातील प्रत्येक घटकाला हॅश-आधारित ओळखचिन्ह देतो. लक्झेंबर्ग येथील 'सर्कल' या संस्थेची हॅशलुकअप ही सेवा अनेक संग्रह एकत्र करून शोधाची सोय पुरविते.

हे सर्व संग्रह वरकरणी एकाच जातीचे दिसत असले तरी त्यांची उद्दिष्टे भिन्न आहेत. पहिला गुन्हे-अन्वेषणासाठी, दुसरा वितरणासाठी, तिसरा वितरण सुरक्षित करण्यासाठी, चौथा जतनासाठी, तर पाचवा शोधाच्या सोयीसाठी आहे. ही भिन्नता लक्षात न घेता त्यांच्या उत्तरांचा एकसारखा अर्थ लावणे उचित नाही.

३. पद्धतीची बलस्थाने

चिकित्सा करताना प्रथम पद्धतीचे श्रेय तिला दिले पाहिजे. हॅश-शोधाचे पहिले सामर्थ्य असे की तो नाव, तारीख, ठिकाण अशा बदलता येण्याजोग्या लक्षणांवर मुळीच अवलंबून नाही. एखाद्या ग्रंथालयाची फाईल कोणी दुसऱ्याच नावाने दुसऱ्याच फोल्डरमध्ये ठेवली तरी तिचे मूल्य बदलत नाही. दुसरे असे की एकाच नावाच्या दोन आवृत्त्या तो निःसंदिग्धपणे वेगळ्या करतो. तिसरे, शोधासाठी मूळ फाईल कोणाला पाठवावी लागत नाही. छोटे मूल्य पाठविले तरी पुरते. अर्थात आपल्याजवळ कोणते सॉफ्टवेअर आहे हे त्या मूल्यावरूनही समोरच्यास कळू शकते. म्हणूनच उपरोक्त हॅशलुकअप सेवेने ब्लूम फिल्टर या रचनेतील संक्षिप्त संच उतरवून घेऊन स्वतःच्या संगणकावरच प्राथमिक शोध घेण्याचीही सोय ठेवली आहे.

गुन्हे-अन्वेषणातील उपयोग तर सहज पटण्याजोगा आहे. जप्त केलेल्या संगणकावरील लाखो फाइलींपैकी ज्या कार्यकारी प्रणालीच्या वा परिचित सॉफ्टवेअरच्या आहेत त्या हॅश-शोधाने बाजूला काढता येतात आणि तपासनिसाचे लक्ष उरलेल्या फाइलींवर केंद्रित होते. येथे पद्धतीकडून केवळ सारखेपणाचे उत्तर अपेक्षित असते आणि ते ती चोख देते.

४. टक्करीचा आक्षेप व त्याचे मूल्यमापन

हॅश-शोधावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप टक्करीचा आहे. दोन भिन्न फाइलींचे हॅश-मूल्य एकच येणे यास टक्कर म्हणतात. रॉन रिव्हेस्ट यांनी रचलेल्या व १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमडी-५ पद्धतीत अशी टक्कर घडविता येते हे चिनी संशोधक शिआओयुन वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखविले. २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या फ्लेम या घातक सॉफ्टवेअरने एमडी-५ मधील याच दुर्बलतेचा वापर करून मायक्रोसॉफ्टच्या नावाने खपेल असे प्रमाणपत्र बनविले होते. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था व गूगल यांच्या संशोधकांनी एकच शा-१ मूल्य असलेल्या दोन भिन्न पीडीएफ फाइली प्रसिद्ध केल्या. त्या दोन फाइली चाचणीसाठी वेबकिट प्रकल्पाच्या भांडारात ठेवल्या गेल्या तेव्हा ते भांडार सांभाळणारी सबव्हर्जन ही प्रणालीच अडखळली. कारण शा-१ मूल्य एक म्हणजे फाईल एक, असे तिने आतून धरले होते. हॅश-मूल्यालाच वस्तू मानल्याचा परिणाम काय होतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. निस्ट संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये शा-१ चा वापर २०३० अखेर पूर्णपणे थांबविण्याचे जाहीर केले.

तथापि, या आक्षेपाचे नेमके क्षेत्र ओळखले पाहिजे. टक्कर घडविणाऱ्यास दोन्ही फाइली स्वतः तयार कराव्या लागतात. दुसऱ्या कोणी आधीच प्रसिद्ध केलेल्या फाइलीशी जुळणारी नवी फाईल बनविणे ही याहून कितीतरी कठीण गोष्ट आहे आणि ती एमडी-५ च्या बाबतीतही अद्याप व्यवहारात साध्य झालेली नाही. म्हणून एमडी-५ वर आधारलेले जुने संग्रह सर्वस्वी निरुपयोगी झाले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्याचबरोबर, फाईल बनविणाराच अप्रामाणिक असेल तर निर्दोष व घातक अशी जुळी जोडी तो तयार करू शकतो आणि निर्दोष फाईल संग्रहात नोंदवून घातक फाईल वापरकर्त्यास देऊ शकतो. तेव्हा नव्या नोंदींसाठी एमडी-५ वा शा-१ वर थांबणे समर्थनीय नाही. शा-२५६ २००२ पासून मानक म्हणून उपलब्ध आहे व त्यात टक्कर सापडलेली नाही.

सारांश, टक्करीचा दोष गंभीर असला तरी तो दूर करण्याचा मार्ग ज्ञात आहे. पद्धतीच्या खऱ्या मर्यादा अन्यत्र आहेत, आणि त्या अधिक बिटांचे फलन निवडल्याने जात नाहीत.

५. तंतोतंत सारखेपणा आणि आशयाची एकता

पहिली मर्यादा अशी की हॅश-फलन बाइट पाहते. आशय पाहत नाही. पाठचिकित्सेच्या परिभाषेत सांगावयाचे तर ते प्रत ओळखते, ग्रंथ ओळखत नाही. एका वेलांटीचा फरक असलेली प्रत आणि सर्वस्वी निराळा ग्रंथ यांतील भेद त्याच्या लेखी सारखाच असतो.

याचा प्रत्यय ३० जानेवारी २०२३ रोजी आला. गिटहब हे संकेतस्थळ सोर्स कोडच्या संकुचित फाइली मागणीनुसार तयार करून देते. त्या दिवशी संकुचन करणाऱ्या घटकात बदल झाला. फाइलींच्या आतील सोर्स कोड अक्षरशः तोच राहिला, पण संकुचित फाइलीचे बाइट बदलले आणि पर्यायाने हॅश-मूल्येही बदलली. ही मूल्ये स्थिर राहतील असे गृहीत धरून पडताळणी करणाऱ्या अनेक प्रकल्पांची बांधणी त्यामुळे अडली आणि गिटहबला तो बदल मागे घ्यावा लागला. येथे कोणी घात केला नव्हता, कोणतीही त्रुटी आत आली नव्हती. तरीही पद्धतीच्या दृष्टीने सर्व फाइली 'अनोळखी' ठरल्या.

याहून अधिक गंभीर उदाहरण लॉग-फोर-जे या जावा ग्रंथालयाचे आहे. सीव्हीई-२०२१-४४२२८ या क्रमांकाने ओळखली जाणारी त्यातील सुरक्षात्रुटी डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर झाली तेव्हा जगभरातील संस्थांपुढे एकच प्रश्न होता : आपल्याकडे हे ग्रंथालय कोठे कोठे आहे? त्रुटीयुक्त आवृत्त्यांच्या मूळ फाइलींची हॅश-मूल्ये प्रसिद्ध झाली व त्यांवरून शोध सुरू झाला. पण जावा जगतात एका ग्रंथालयाचे घटक सोडवून ते दुसऱ्या मोठ्या फाइलीत भरण्याची प्रथा सर्रास आहे. अशा मोठ्या फाइलीचे मूल्य अर्थातच निराळे असते. आत तीच त्रुटी असूनही मूळ फाइलीच्या मूल्यावरून घेतलेल्या शोधात ती सापडत नाही.

उलट बाजूही तितकीच बोधप्रद आहे. तातडीचा उपाय म्हणून त्या ग्रंथालयाच्या फाइलीतून जेएनडीआय-लुकअप हा एक वर्ग काढून टाकण्याचा मार्ग सुचविला गेला होता. तो अवलंबिल्यावर फाइलीचे हॅश-मूल्य बदले, पण नाव व आवृत्ती-क्रमांक तोच राही. म्हणजे नावावरून पाहणाऱ्यास ही फाईल सदोष वाटे, हॅश-शोध करणाऱ्यास ती अपरिचित वाटे, आणि प्रत्यक्षात ती त्या विशिष्ट त्रुटीपुरती दुरुस्त झालेली असे. दोन्ही पद्धती आपापल्या परीने बरोबर उत्तर देत होत्या. ज्याला निर्णय घ्यावयाचा होता त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र दोघींकडेही नव्हते. ते फाईल उघडून आतील वर्ग तपासणाऱ्या साधनांनीच दिले.

या मर्यादेवर उपाय म्हणून अंशतः साम्य मोजणारी फलने पुढे आली आहेत. २००६ मधील एसएसडीप व २०१३ मधील टीएलएसएच ही त्यांची परिचित उदाहरणे होत. त्यांच्याकडून 'किती सारखे' याचे अनुमान मिळते. परंतु अनुमान हे ओळखीची जागा घेऊ शकत नाही. ते पुढील तपासाची दिशा दाखविते, इतकेच त्याचे कार्य.

६. एक मूल्य, अनेक नावे

दुसरी मर्यादा मूल्य आणि नाव यांच्या संबंधातील आहे. हॅश-शोध करणाऱ्याची सर्वसाधारण कल्पना अशी असते की एका मूल्यास एक नाव मिळेल. वस्तुस्थिती तशी नाही. सर्वांत सोपे उदाहरण रिकाम्या फाइलीचे. जगातील कोणत्याही रिकाम्या फाइलीचे शा-२५६ मूल्य एकच असते. पायथन भाषेतील असंख्य पॅकेजांत घटकाची सुरुवात दर्शविणारी अशी रिकामी फाईल असते. तिचे मूल्य शोधून ती अमुक पॅकेजची आहे असे सांगणे निरर्थक होय. परवान्याचा प्रमाणित मजकूर, सर्वांनी उसना घेतलेला एखादा छोटा घटक, एकाच प्रकल्पाच्या लागोपाठच्या आवृत्त्यांत न बदललेली फाईल, या सर्वांच्या बाबतीत हेच घडते. मेव्हन भांडारातही तीच फाईल निरनिराळ्या नावांखाली प्रकाशित झालेली असू शकते.

म्हणजे फाईल आणि पॅकेज यांचे नाते अनेकांचे अनेकांशी असते. जे साधन अनेक उत्तरांतून पहिले उत्तर उचलून तेच ओळख म्हणून सादर करते, ते वापरकर्त्याची दिशाभूल करते. एखाद्या फाइलीवरून पॅकेज ठरवावयाचे असल्यास एकट्या फाइलीचा नव्हे, तर फाइलींच्या समूहाचा पुरावा पाहणे अधिक सयुक्तिक ठरते.

या संदर्भात सॉफ्टवेअर हेरिटेजच्या ओळखचिन्हांची रचना विचारात घेण्याजोगी आहे. ही रचना २०२५ मध्ये आयएसओ/आयईसी १८६७० या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाली. तीत मजकूर, निर्देशिका, फेरबदल, प्रकाशन व संपूर्ण भांडाराची स्थिती अशा पाच पातळ्यांवर स्वतंत्र ओळखचिन्हे असतात. तो मजकूर कोठे, कोणत्या मार्गावर सापडला ही माहिती ओळखचिन्हाला जोडता येते. पण ती ओळखचिन्हाचा गाभा मानली जात नाही. मजकूर एक आणि त्याचे संदर्भ अनेक, हा भेद येथे रचनेतच पाळला आहे. केवळ 'मूल्य व नाव' अशी दोन रकान्यांची नोंद ठेवणाऱ्या संग्रहांपेक्षा ही भूमिका तात्त्विकदृष्ट्या निश्चितच अधिक प्रामाणिक आहे.

७. नोंदसंग्रहाचे प्रामाण्य

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची मर्यादा विश्वासाची आहे. निस्टच्या संदर्भ-संचासंबंधी एक गैरसमज वारंवार आढळतो, तो म्हणजे त्यात सापडलेली फाईल निर्धोक असते. खुद्द त्या संस्थेची भूमिका तशी नाही. तो 'ज्ञात' फाइलींचा संच आहे, 'चांगल्या' फाइलींचा नव्हे. आणि घातक म्हणता येतील अशा काही साधनांची मूल्येही त्यात आहेत, असे तिने स्पष्ट केले आहे. 'ज्ञात' या शब्दाचे 'निर्दोष' असे वाचन करणे ही वापरकर्त्यांची चूक आहे. परंतु अनेक साधने या दोहोंसाठी एकच हिरवी खूण दाखवितात, त्यामुळे ती चूक सहज घडते.

एक्सझेड प्रकरणाने हा प्रश्न ऐरणीवर आणला. माहिती संकुचित करणाऱ्या या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पॅकेजच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा असल्याचे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने २९ मार्च २०२४ रोजी जाहीर केले. या घटनेतील लक्षणीय बाब अशी की प्रसिद्ध केलेल्या संकुचित फाइलीत घातक कोड कार्यान्वित करणारा जो भाग होता, तो प्रकल्पाच्या सार्वजनिक सोर्स-भांडारात नव्हता. प्रकल्पाच्या सह-देखभालकर्त्याच्या अधिकाराने ती फाईल प्रसिद्ध झाली होती. ती उतरवून घेणाऱ्या कोणीही हॅश-मूल्य ताडून पाहिले असते तर ते बिनचूक जुळले असते. जी फाईल प्रसिद्ध झाली तीच हाती आली, एवढेच त्यातून सिद्ध झाले असते, आणि ते सत्यही होते.

येथे न्याय्य राहून दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. चोरदरवाजा उघडकीस आल्यानंतर बाधित फाइली नेमक्या कोणत्या, हे सांगण्यासाठी हॅश-मूल्याइतके नेमके साधन दुसरे नव्हते. त्यावरून असे म्हणता येईल की हॅश-शोध हा निवाडा झाल्यानंतर आरोपीस ओळखून काढण्यास उत्तम आहे. निवाडा करणे हे त्याचे काम नाही.

याच संदर्भात एका सर्वपरिचित प्रथेचा विचार करणे अगत्याचे आहे. अनेक संकेतस्थळांवर उतरवून घ्यावयाची फाईल आणि तिचे हॅश-मूल्य एकाच पानावर दिलेले असते. वाटेत फाईल अर्धवट वा खराब झाली काय, हे यातून कळते. पण ज्याने त्या संकेतस्थळावर कब्जा मिळवून फाईल बदलली त्याला शेजारचे मूल्यही बदलता येते. एकाच साक्षीदाराने दोनदा सांगितले म्हणून साक्ष दोन होत नाहीत. आपल्या महाविद्यालयांच्या संगणक-प्रयोगशाळांत सॉफ्टवेअर बसविताना मूल्य ताडून पाहण्याची सवय लावणे स्वागतार्ह आहे; मात्र ते मूल्य स्वतंत्र मार्गाने मिळविलेले वा स्वाक्षरीने प्रमाणित असावे, हेही विद्यार्थ्यांना त्याचबरोबर शिकविले पाहिजे.

नोंदसंग्रहावरील विश्वास वाढविण्याचे काही मार्ग आज प्रत्यक्ष वापरात आहेत. डेबियनमध्ये सूचीवरील स्वाक्षरीमुळे मूल्याचा कर्ता निश्चित होतो. गो या भाषेसाठी २०१९ पासून चालू असलेल्या मूल्य-संग्रहात नोंदी अशा साखळीने बांधलेल्या असतात की जुनी नोंद गुपचूप बदलली तर ते पकडता येते. एकाच सोर्स कोडपासून कोणीही बांधणी केली तरी बाइट-न्-बाइट तीच फाईल निर्माण व्हावी, यासाठी डेबियनमध्ये २०१३ पासून पद्धतशीर प्रयत्न सुरू आहेत. हे साधल्यास हॅश-मूल्याला प्रथमच सोर्स कोडशी जोडणारा, त्रयस्थास पडताळता येण्याजोगा आधार मिळतो. या तिन्ही उपायांत एक समान सूत्र आहे. त्यांनी हॅश-फलन बदलले नाही. नोंद करणाऱ्यावर अंकुश आणला.

शोध निष्फळ ठरल्यास काय समजावे, हाही याच विषयाचा भाग आहे. संग्रहात नसणे म्हणजे संशयास्पद असणे नव्हे. संग्रहात काय येते हे संग्राहकाच्या पोहोचीवर ठरते. एखाद्या जिल्ह्यातील छोट्या विकासकाने शाळांसाठी वा सहकारी पतसंस्थांसाठी केलेली मराठी आज्ञावली अमेरिकेतील वा युरोपातील संग्रहात नोंदली जाण्याचा संभव फारच कमी. ज्या संस्था 'अनोळखी ते बंद' असे धोरण ठेवतात त्यांनी या असमतोलाची जाणीव ठेवली पाहिजे.

८. भारतीय कायदा व मार्गदर्शक तत्त्वे

हॅश-मूल्याला ओळखीचा दर्जा देण्याची प्रक्रिया आपल्या कायद्यातही झालेली आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ३ मधील स्पष्टीकरणात हॅश-फलनाची व्याख्या आहे. दोन इलेक्ट्रॉनिक अभिलेखांचे मूल्य एकच येणे गणनदृष्ट्या अशक्यप्राय असले पाहिजे, ही त्या व्याख्येतील एक अट होय. दुसरीकडे, १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ अन्वये द्यावयाच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात शा-१, शा-२५६ व एमडी-५ हे पर्याय शेजारी शेजारी दिलेले आहेत. २००४ व २०१७ मधील निष्कर्ष लक्षात घेता पहिल्या कायद्यातील अट यांपैकी दोन पर्याय आज पूर्ण करीत नाहीत. जप्तीनंतर अभिलेखात फेरफार झाला नाही एवढेच दाखवावयाचे असेल तर जुनी फलनेही पुष्कळदा पुरतील, हे वर आलेल्या विवेचनावरून ध्यानात येईल. तरीही, ज्याने अभिलेख निर्माण केला त्याच्याच प्रामाणिकपणाविषयी वाद असेल तेथे हा भेद निर्णायक ठरू शकतो. नमुन्यातील पर्याय समान दर्जाचे नाहीत याची जाण वकिलांना व न्यायालयांना असणे म्हणूनच आवश्यक आहे.

सॉफ्टवेअर पॅकेजच्या संदर्भात घटक-सूचीचा प्रश्न अधिक निकटचा आहे. अमेरिकेच्या एनटीआयए या विभागाने जुलै २०२१ मध्ये सॉफ्टवेअर घटक-सूचीसाठी किमान रकाने ठरविले तेव्हा घटकाचे हॅश-मूल्य त्यात अनिवार्य नव्हते. ते शिफारस म्हणून ठेवले होते. भारताच्या सर्ट-इन या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक मार्गदर्शक तत्त्वांत हॅश-मूल्याचा रकाना समाविष्ट आहे. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. मात्र रकाना भरणाऱ्याने हे मूल्य कशाचे आहे, हे लिहिले नाही तर तो रकाना फसवा ठरेल. उतरवून घेतलेल्या संकुचित फाइलीचे, बसविल्यानंतरच्या फाइलीचे आणि सोर्स कोडचे अशी तीन निरनिराळी मूल्ये एकाच घटकाची असू शकतात. आणि गिटहब व एक्सझेड या दोन्ही प्रकरणांत प्रश्न नेमका त्यांच्यातील अंतराचा होता.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) हॅश-मूल्य जुळणे हा बाइट-पातळीवरील सारखेपणाचा अत्यंत विश्वसनीय पुरावा आहे. नव्या नोंदींसाठी शा-२५६ वा त्याहून सबळ फलन वापरल्यास टक्करीचा प्रश्न व्यवहारात उरत नाही.

(२) मूल्य न जुळणे यावरून फाईल निराळी आहे एवढेच कळते. ती सदोष, संशयास्पद वा निर्दोष आहे यांपैकी काहीही त्यातून सिद्ध होत नाही.

(३) मूल्यास मिळणारे नाव ही नोंदसंग्रहाची साक्ष असते. एका मूल्यास अनेक नावे असल्यास ती सर्व दाखविणे हे साधनाचे कर्तव्य आहे.

(४) 'ज्ञात' आणि 'विश्वासार्ह' या दोन कोटी स्वतंत्र आहेत. त्या एकाच खुणेने दर्शविणे बंद झाले पाहिजे.

(५) हॅश-मूल्याची नोंद करताना फलनाचे नाव, मूल्य कशाचे काढले, कोणी काढले आणि केव्हा काढले या चार बाबी नमूद असाव्यात. त्यांविना मूल्य म्हणजे केवळ एक अंकमाला होय.

हॅश-शोधाची पद्धत सदोष आहे असा या लेखाचा दावा नाही. ज्या एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ती निर्माण झाली, त्याचे उत्तर ती उत्कृष्ट देते. पोथी तीच आहे हे कळले म्हणून पोथीतील मत ग्राह्य ठरत नाही, हा विवेक आपल्या चिकित्सक परंपरेत जुना आहे. संगणकीय व्यवहारात तोच विवेक शिकविण्याची जबाबदारी संगणकशास्त्राच्या अध्यापकांबरोबरच विधी, ग्रंथालयशास्त्र व भाषा या विषयांच्या अध्यापकांवरही आहे. कारण ओळख आणि प्रामाण्य यांतील फरक हा मुळात त्या सर्वांचाच विषय आहे.